मदत हवी आहे: पीसीआरमध्ये शिगा टॉक्सिनचा जीन दिसतो, पण कॉलनी हाती लागत नाही

नमस्कार मंडळी. एमएस्सीचा माझा प्रकल्प शिगा टॉक्सिन बनवणाऱ्या ई. कोलायवर आहे. ब्रॉथमधून (जंतू वाढवायच्या द्रवातून) पीसीआर, म्हणजे जीन शोधायची चाचणी, केली की एसटीएक्स-२ चा (या टॉक्सिनच्या एका जीनचा) पट्टा अगदी ठळक येतो. सॉर्बिटॉल मॅकॉन्की अगरवर (या घट्ट माध्यमावर सॉर्बिटॉल आंबवणारे जंतू गुलाबी दिसतात) मात्र सगळ्या कॉलन्या गुलाबी, ओ१५७ या ओळखीच्या प्रकारासारखी रंगहीन एकही नाही. म्हणजे दुसराच प्रकार असणार. २०११ मध्ये जर्मनीत थैमान घालणारा ओ१०४:एच४ सुद्धा सॉर्बिटॉल आंबवणाराच होता.

पन्नास गुलाबी कॉलन्या एकेक करून तपासल्या. एक पॉझिटिव्ह निघाली, तीही दुसऱ्या सबकल्चरला (पुन्हा नव्या माध्यमावर वाढवल्यावर) निगेटिव्ह! हा जीन फेजवर (जंतूंमध्ये शिरणाऱ्या विषाणूवर) असतो, मग फेजच निसटला का? की मुळात कॉलनीच मिश्र होती? ब्रॉथमधल्या मोकळ्या फेजमुळेही पट्टा येत असेल का?

एवढा जीव टाकतेय कारण एसटीएक्स-२ वाल्या जंतूंमुळे लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी व्हायचा धोका जास्त, आणि काही अँटिबायोटिक्सनी टॉक्सिन उलट वाढतं. असा जंतू नजरेतून सुटायला नको.

क्रोमोजेनिक (जंतूंनुसार वेगळा रंग देणारं) अगर किंवा जंतू पकडणारे चुंबकीय मणी कुणी वापरलेत का? सबकल्चर किती वेळा करता? पहिल्याच कॉलनीचा ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून ठेवायचा साठा) लगेच ठेवावा का? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.