किराण्यासाठी पंधरा किलोमीटर: वाचतात किती, जातात किती?

साखळीची_सून
घरात दोन महिने वाद चाललाय म्हणून इथे टाकतेय, म्हणजे बाहेरच्या माणसांनी तरी सांगावं. आम्ही गोव्यात साखळी गावात राहतो, चौघं, मी, नवरा, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. गेल्या वर्षापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी काढून पंधरा किलोमीटरवरच्या मोठ्या डिस्काउंट सुपरमार्केटात जातो. त्याआधी सगळं गावातल्या दुकानातून यायचं. सासूबाईंचं म्हणणं, तुम्ही तिथे पैसे वाचवायला जाता आणि पैसे टाकून येता. मग मी सरळ तीन महिन्यांची बिलं एका बिस्किटाच्या डब्यात साठवली आणि परवा रात्री जेवणं झाल्यावर हिशेब मांडून बसले.

दुकानातून जे सामान महिन्याला साधारण ७,४०० ला यायचं तेच सामान सुपरमार्केटात ६,५५० ला आलं. तेच ब्रँड, तेवढंच वजन, मी एकेक ओळ जुळवून बघितलीये. म्हणजे ८५० सुटले. जायला यायला तीस किलोमीटर, आमची गाडी लिटरला पंधरा देते, म्हणजे पेट्रोलचे दोनशे धरा. तरी साडेसहाशे राहतातच की. मला गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याला १,५०० येतात ते ह्याच खर्चात जातात, त्यामुळे साडेसहाशे माझ्यासाठी काही लहान रक्कम नाही.

आता खरं सांगायचं तर तिन्ही महिन्यांची पूर्ण बिलं ८,९००, ८,२०० आणि ९,३५० अशी आहेत. पण त्यात बेडशीट आहे, मुलाचे मोजे आहेत, झाकणाचे डबे आहेत, ते कधी ना कधी पणजीला जाऊन घेतलेच असते आणि महाग घेतले असते. माझं मत, सुपरमार्केट परवडतं. सासूबाईंचं मत तुम्हाला कळलंच.

कुडचडेचो_बाजार
८५० वाचवायला महिन्याला सव्वादोन हजार जास्त घालवले. सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

साखळीची_सून
डबे दर महिन्याला घेत नाही हो!

कुडचडेचो_बाजार
ह्या महिन्यात डबे, पुढच्या महिन्यात टॉवेल, त्याच्या पुढच्या महिन्यात आइसक्रीमचा फॅमिली पॅक. वस्तू बदलते, बिल नाही बदलत. आत शिरल्यावर तांदूळ-साखर कुठे असते बघितलंस? सगळ्यात मागे. तिथे पोचेपर्यंत चॉकलेट, चप्पल, कढई सगळ्यांचं दर्शन घेत जायचं, देवळाला प्रदक्षिणा घातल्यासारखं.

पर्वरी_तिसरा_मजला
मी साखळीच्या सुनेच्या बाजूने. आम्ही दोघं नोकरीवाले, सहाला घरी येतो, शनिवारी दुपारी जरा मोकळे असतो तर कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर एक ते चार खाली. उघडं असलं तरी तीन रुपये सुट्टे नाहीत म्हणून हातात चॉकलेटं ठेवतात, यूपीआयच्या जमान्यात! एकदा रव्याचं पाकीट घरी आणून बघितलं तर तारीख दोन महिन्यांपूर्वी संपलेली, परत न्यायला गेले तर मलाच वर ऐकवलं, बघून न्यायचं होतं म्हणून. सुपरमार्केटात मी स्वतः हातात घेऊन तारीख बघते, मागचं पाकीट पुढे ओढून घेते, कोणी तोंड वाकडं करत नाही. आणि एमआरपीपेक्षा कमीत मिळतं. दुकानदार एमआरपीच्या खाली एक रुपया येत नाही, मग मी त्याच्यावर प्रेम का करायचं ते कोणीतरी सांगा.

पसरकाराची_लेक
मी सांगते. माझ्या बाबांचा डिचोली तालुक्यात पसरो, म्हणजे किराणा दुकान, आहे, मी त्या काउंटरच्या मागे अभ्यास करून मोठी झाले, त्यामुळे हे वाचून गप्प बसणं शक्य नाही, जरा मोठं होईल, माफ करा.

पहिलं दुपारच्या झोपेचं. बाबा साडेसहाला दुकान उघडतात कारण सात वाजता शाळेची पोरं आणि कामाला जाणारी माणसं येतात, रात्री साडेनऊला बंद करतात, रविवारी सकाळी पण उघडं. मधले तीन तास जेवण आणि जरा आडवं होणं. बारा तास उभं राहणारा माणूस दुपारी झोपला तर तो आळशी आणि सुपरमार्केटात दोन शिफ्टमध्ये पोरं असतात ते मात्र मॅनेजमेंट!

दुसरं एमआरपीचं. साबण, बिस्किटं, टूथपेस्ट ह्यांत आम्हाला शंभराला आठ-दहा रुपये सुटतात, त्यात लाइट बिल, फ्रीज, उंदरांनी फोडलेली पाकिटं, बुडालेली उधारी सगळं. कंपनीचा माणूस आम्हाला एक खोका देतो, सुपरमार्केटला ट्रक देतो. ट्रकवाल्याला जो भाव मिळतो तो आम्हाला स्वप्नात पण नाही. बाबांना काही वस्तू डिस्ट्रिब्युटरकडून ज्या भावाला पडतात त्याहून कमी भावाला त्या सुपरमार्केटात विकायला असतात. हे मी स्वतः बिल समोर ठेवून बघितलंय. बाबांनी ते बिल बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि काही बोलले नाहीत.

आता तिसरं, आणि हेच मला खरं सांगायचंय. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, मग सुरू होतायत म्हणेपर्यंत २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद. आमच्या भागात प्रत्येक तिसऱ्या घरापुढे खनिज वाहणारा ट्रक, सगळे उभे, टायरांच्या मधून गवत आलेलं. त्या घरांत तांदूळ कुठून गेला? बाबांच्या लाल वहीतून गेला. काहींनी चार वर्षांनी फेडले, काहींनी अजून नाही, एकाने ट्रक भंगारात विकला आणि त्याच संध्याकाळी येऊन आधी वही मिटवली. सुपरमार्केटच्या काउंटरवर जाऊन म्हणा बरं, ह्या महिन्यात जमत नाही, लिहून ठेवा.

पर्वरी_तिसरा_मजला
तुमच्या बाबांबद्दल आदर आहे, खरंच. पण मी पर्वरीला भाड्याने राहते, मला इथे कोणी वहीत लिहून घेत नाही, नाव पण विचारत नाही. तुम्ही जे सांगताय ते गावातलं आहे, फ्लॅटवाल्यांना ते मिळतच नाही, मग त्याची किंमत आम्ही का मोजायची?

पसरकाराची_लेक
हे मान्य.

आकडेमोड_मडगाव
दोन्हीकडची भावना बाजूला ठेवून थोडं बोलतो. सुपरमार्केटवाले काही धर्मादाय करत नाहीत आणि जादू पण नाही. डी-मार्टने २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान काढलं तेव्हापासून त्यांची पद्धत बघा, जागा शक्यतो स्वतःची, म्हणजे भाड्याची कटकट नाही, सजावट साधी, ज्याचा खप आहे तोच माल, आणि पुरवठादाराला पैसे लवकर देऊन त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. माल भराभर विकला गेला की थोड्या नफ्यावर पण भागतं. बाकीचे डिस्काउंटवाले कमीजास्त हेच करतात. त्यामुळे तेल, साबण, डिटर्जंट, चहा ह्यांत तिथे स्वस्त मिळतं हे खरं आहे, वाद घालण्यात अर्थ नाही.

पण एमआरपीवर किती टक्के सूट हे बघून खरेदी करणं म्हणजे निव्वळ फसणं. एमआरपी ही वरची मर्यादा आहे, कंपनीच ती छापते, आणि ती फुगवून छापली की सूट आपोआप मोठी दिसते. आता पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा भाव छापावा लागतो, एमआरपीच्या आसपासच बारीक अक्षरात असतो, तो वाचा. तो पण एमआरपीवरून काढलेला असतो, तेव्हा सूट वजा करून मोबाइलवर भागाकार करा. तेलाची पिशवी घ्या. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. पण रॅकवर शेजारी शेजारी तशाच दिसणाऱ्या पिशव्यांत एकीत ९१०, एकीत ८५०, एकीत ८०० च्या आसपास. स्वस्त दिसली ती उचलली की घरी येऊन महिन्यात तीन-चार दिवस आधी तेल संपतं आणि आपण म्हणतो, भजी जास्त झाली वाटतं.

अजून एक. २०२२ च्या जुलैपासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या तांदूळ-डाळ-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्ट्या मालावर नाही. म्हणजे पसरकार पोत्यातून काढून कागदात बांधून देतो त्या तुरडाळीवर तो कर लागत नाही. साखळीच्या सूनबाई, तुमच्या त्या ८५० पैकी डाळ-तांदळातून किती आले आणि साबण-तेलातून किती ते वेगळं काढाल का? माझी पैज, पाचशेच्या वर साबण-तेलातून.

साखळीची_सून
आत्ता डबा उघडून बघितला. साबण, पावडर, तेल, चहा, टूथपेस्ट मिळून ६९० वाचले. डाळींत १४०. उकडे तांदूळ तिथे दुकानापेक्षा महाग, तिकडे उलट ६० गेले. राहिलेल्या सटरफटरात ८०. तुम्ही जिंकलात.

म्हापशाचो_शुक्रार
तुम्ही सगळे किराण्यात अडकलात. आमच्या घरी पैसे जातात ते मासळीत आणि नारळात, आणि ते कुठलंही सुपरमार्केट स्वस्त देत नाही. नारळाचे भाव बघा, गणेश चवथीच्या आधी तर विचारायलाच नको, आई करंजीच्या सारणासाठी नारळ मोजून फोडते. भाजी मी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून घेतो, बेळगावहून येते, सरकारी सवलतीचा भाव, सकाळी लवकर गेलं तर बरी मिळते, अकरानंतर फक्त कोबी आणि पश्चात्ताप.

आणि एकदम भरून ठेवायची अक्कल आपल्याला सुपरमार्केटने शिकवली असं कोणी समजू नये. आमची आजी मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची. म्हापशाच्या बाजारात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची, खारे बांगडे, सुकी सुंगटां (कोळंबी), गालमो (जवळा), मिरच्या, चिंच, सोलां (आमसुलं), कांद्याच्या माळा. भाव विचारायची, पुढे जायची, परत यायची, तिसऱ्या वेळी घ्यायची. मिरची मोडून वास घ्यायची, बिया हातावर पाडून बघायची. घरी आल्यावर कांद्याच्या माळा चुलीवरच्या वाशाला टांगल्या की पाऊस आला तरी चालेल असा चेहरा. तीन महिने बाजाराचं तोंड बघायचं नाही. तिने कधी यादी केली नाही कारण लिहिता येत नव्हतं, पण एक गोष्ट जास्तीची आलेली मला आठवत नाही.

कुडचडेचो_बाजार
कारण डोक्यावरून पाटी आणायची होती. ट्रॉली ढकलायला दिली असती तर आजीनेही बेडशीट घेतलं असतं.

म्हापशाचो_शुक्रार
हा हा, असेल बाबा.

सांगेच्या_रानातून
आम्हाला जवळचं मोठं सुपरमार्केट म्हणजे जाऊन येऊन सत्तरच्या वर किलोमीटर, तरी बायकोच्या हौसेला गेलो. रॅकवर पाटी होती अमुक तुपावर ६४ रुपये कमी, बिलात पूर्ण एमआरपी. हे कधी कळलं? घरी येऊन चहा पिताना. फोन केला तर म्हणाले बिल घेऊन या, काउंटरवर बघू. ६४ रुपयांसाठी सत्तर किलोमीटर! दुकानदाराने असं केलं असतं तर संध्याकाळी पानाच्या गाड्यावर भेटला असता, तिथेच वसूल केले असते. आता आम्ही बागायतदारच्या बाजारात जातो, सहकारी आहे, भाव बरे आहेत, आणि येताना पोफळीसाठी खत पण मिळतं.

पर्वरी_तिसरा_मजला
बिल काउंटर सोडायच्या आधी वाचायचं असतं हो.

सांगेच्या_रानातून
मागे ट्रॉलीवाल्यांची रांग, पुढे बायको, डोक्यावर एसी, वाचतो कुठे माणूस.

साखळीची_सून
ह्या महिन्याचं सांगते. आकडेमोडवाल्यांचं ऐकून यादी केली आणि मुलाला घरी ठेवून सासूबाईंना बरोबर नेलं, नवऱ्याच्या मते हा माझा वेडेपणा. सासूबाई आत गेल्या आणि सरळ तांदळाच्या सुट्ट्या हौदापाशी थांबल्या, हात कोपरापर्यंत आत घातला, मूठभर काढून तळहातावर पसरले, एक दाणा दाताखाली फोडला. तिथला पोरगा धावत आला, आजी असं खायचं नाही. म्हणाल्या, "बाबा, खाल्ल्याबगर विकतें कशें घेवप?" पोरगा गप्प. तांदूळ घेतले नाहीत. बेडशीटच्या रॅकपाशी मी नुसती वळले तर मागून खाकरल्या.

बिल झालं २,९८०. फक्त तेल, साबण, पावडर, चहा, टूथपेस्ट, साखर आणि सणासाठी थोडा सुकामेवा. तांदूळ, डाळी, रवा, पोहे, मसाले दुसऱ्या दिवशी गावातल्या दुकानातून, ३,७१० झाले. एकूण ६,६९०, पेट्रोल धरून ६,८९० म्हणा. सासूबाई म्हणतात त्या जिंकल्या, मी म्हणते मी जिंकले.

पण एक झालं. दुकानदार कागदात डाळ बांधत होता, दोरा बोटाला गुंडाळून तोडला आणि वर न बघताच म्हणाला, "वहिनी, ह्या वर्षी साबण नाहीच नेला तुम्ही आमच्याकडून." रागाने नाही, सहज. मला काय बोलायचं सुचलं नाही. पुडी घेतली आणि आले.

पसरकाराची_लेक
त्यांना सगळं आठवतं. बाबांना पण आठवतं, कोणी काय न्यायचं बंद केलं ते.

पर्वरी_तिसरा_मजला
सुचलं नाही म्हणजे काय, सांगायचं तिकडे स्वस्त मिळतो. भाव कमी करतील.

आकडेमोड_मडगाव
आठ-दहा टक्क्यांत किती कमी करणार तो?

कुडचडेचो_बाजार
अंगाचा साबण तरी घे गो त्याच्याकडे. चार वड्या. किती फरक पडतोय, बारा रुपये?

साखळीची_सून
चौदा. बघितलं मी.