वाई अर्ध्या तासात होत नाही हो

बरेच जण म्हणतात की वाईत काय, ढोल्या गणपती बघायचा, घाटावर फोटो काढायचे आणि पाचगणीला सुटायचं. अहो, निदान गणपतीच्या देवळाच्या मागे तरी जा! १७६२ साली सरदार रास्त्यांनी बांधलं ते, आणि मागची भिंत नावेच्या टोकासारखी निमुळती आहे, म्हणजे कृष्णेचं पुराचं पाणी दोन्ही बाजूंना फाटून जावं म्हणून. थोडं लांब उभं राहून बघितलं की डोक्यात प्रकाश पडतो. लोक समोरूनच हात जोडून परत फिरतात, काय बोलायचं.

कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव चालू असताना गेलात तर अजून मजा, एकेका आळीचा नंबर लागतो, घाटावर मांडव पडतो, पंगती उठतात, आणि आमचाच उत्सव भारी यावरून आळ्याआळ्यांत खुन्नस असतेच :)

मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून चालत आलंय, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींमुळे, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. मेणवली तर अगदी जवळ आहे, नाना फडणवीसांचा वाडा आणि घाटावर वसईच्या मोहिमेतली पोर्तुगीज घंटा, तीही बघून घ्या. फक्त रविवार टाळा, गाडी लावायला जागा मिळत नाही.