प्रतिसाद: निपाणीची तंबाखू, ज्वारीवरचे तांबडे ठिपके

झाडाला पळता येत नाही, कीड-बुरशीपुढं फवारणीशिवाय ते निराधारच, असं वर कुणीतरी लिहिलंय; ते मला अजिबात पटत नाही. आमच्या निपाणी भागातली तंबाखूच बघा. अळीनं पान कुरतडलं की जॅस्मोनिक आम्ल या झाडातल्याच संप्रेरकामार्फत मुळांना वर्दी जाते, तिथं किड्यांना विषारी असलेलं निकोटीन जास्त तयार होतं आणि पानांत चढतं. शेंडा खुडल्यावर तंबाखू जास्त कडक, म्हणजे जहाल होते, त्यामागंही मुळांतलं हेच निकोटीन. (काही अळ्या तेही पचवतात, हे मान्य.)

बुरशीसाठी तजवीज वेगळी. ज्वारीच्या पानात बुरशी शिरू लागली की त्या जागच्या पेशी तांबडी रंगद्रव्यं साठवतात आणि तीच बुरशीला मारक ठरतात. म्हणून तांबडा ठिपका दिसला की लगेच पंप पाठीवर घेऊ नका, आधी तो पसरतोय का ते बघा. आणि खाणाऱ्यांविरुद्धही ज्वारीकडं हत्यार आहे: कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात, ते तिच्यातून सुटणाऱ्या सायनाइड या विषामुळंच.