घरगुती अर्धपुतळ्यांसाठी गिऱ्हाईक कसं मिळवावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात माझं छोटं शिल्पकामाचं वर्कशॉप आहे. मी आणि एक मदतनीस. शाडूत चेहरा घडवायचा, प्लास्टरचा साचा काढायचा, मग फायबर. ब्राँझ हवं असेल तर ओतकाम बाहेरून करून घेतो.

आजवर शाळा आणि ग्रामपंचायतींची कामं केली. पण सार्वजनिक पुतळ्याच्या परवानग्यांत फार वेळ जातो, मातीच्या मॉडेललाही कला संचालनालयाची मान्यता लागते. एका संस्थेने तर पुतळा नेला आणि निम्मे पैसे अजून दिलेले नाहीत. म्हणून आता घरगुती कामं वाढवायची आहेत : आई-वडिलांचे, आजी-आजोबांचे दीड फुटांपर्यंतचे अर्धपुतळे.

गेल्या महिन्यात एक ताई वडिलांचा समोरून काढलेला एकच फोटो घेऊन आल्या. बाजूचा नव्हताच. मग त्यांच्या भावाला बसवून नाकाची ठेवण पाहिली. माती ओली असतानाच त्या म्हणाल्या, "डावी भुवई जरा वर घ्या, बाबा तसेच बघायचे." कोरणी फिरवली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. असं काम मला वर्षभर करायचंय.

इन्स्टाग्रामवर तयार पुतळ्यांचे फोटो टाकतो. लाइक येतात, चौकशी येत नाही. घडवतानाचे व्हिडिओ टाकू का? दर उघड लिहावा का? पुण्या-मुंबईच्या इंटिरिअर डिझायनरांमार्फत कुणी काम मिळवलंय का, ते कमिशन किती घेतात?

दर उतरवा, असं मात्र सुचवू नका. एका चेहऱ्याला 20-25 दिवस लागतात.