बुलडोझ हा शब्द मशीनच्या आधीचा
इंग्रजीत धाक दाखवून दाबण्यासाठी 'इंटिमिडेट' आणि 'बुलडोझ' असे दोन्ही शब्द आहेत. इंटिमिडेट हा टिमिड म्हणजे भित्रा यावरून आला हे बरोबरच, पण 'बुलडोझ करणे' हे बुलडोझर या मशीनवरून आलं असं कुणी म्हणत असेल तर ते उलटं आहे. १८७६ च्या अमेरिकन निवडणुकीत लुइझियानामधल्या काळ्या मतदारांनी रिपब्लिकनांना मत देऊ नये म्हणून गोऱ्यांच्या टोळ्या त्यांना चाबकाने फोडून काढायच्या, जीवही घ्यायच्या, आणि या दहशतीलाच बुलडोझिंग म्हणायचे (बैलाला लागेल एवढा डोस, अशी व्युत्पत्ती सहसा सांगतात). म्हणजे बुलडोझर हा आधी चाबूक घेतलेला माणूस! डिक्शनरीत हा अर्थ कुठेतरी कोपऱ्यात असतो याचं फार वाईट वाटतं. पुढे पातं लावलेल्या ट्रॅक्टरला ते नाव मिळालं ते थेट विसाव्या शतकात.