पोर्कचा खांदा मऊ करायचाय, कुकर की ओटीजी?

गच्चीवरची_शेगडी
महूहून ओळखीतून पोर्कचा खांदा मिळालाय, हाडासकट दीड किलो, चापांपेक्षा बराच स्वस्त पडला. इंदूरात मटण बऱ्याच घरांत होतं पण पोर्क म्हटलं की आमच्याकडे सगळे गप्प, त्यामुळे विचारायचं कोणाला हाच प्रश्न. स्लो कुकर नाहीये. प्रेशर कुकर आहे, एक जुना ओटीजी आहे आणि वर गच्चीवरच्या खोलीत शेगडी (खालच्या ओट्यावर आई चढवू देणार नाही, तो विषयच नको). किती शिट्ट्या घेऊ?

मंदआच
शिट्ट्या सोड भिया. खांद्यात जे पांढरे चिवट पडदे दिसतात ना ते कोलॅजन, ७० डिग्रीच्या पुढे ते हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, आणि मांस काट्याने सुटायला हवं असेल तर आतलं तापमान ९०-९५ पर्यंत जाऊन तिथे थोडा वेळ राहायला लागतं. तास-दीड तासाने बघशील तर चामट लागेल, नेमके तिथेच लोक गॅस बंद करतात नि म्हणतात जनावर जून होतं. तसंच चालू ठेव. ओटीजी १५० वर, झाकणाचं जड भांडं, तळाशी कपभरच पाणी, साडेतीन-चार तास. फावड्यासारखं चपटं हाड असेल तर ते हलवून बघ, अलगद निघून आलं की झालं.
मीठ किलोला १५ ग्रॅमच्या आसपास, आदल्या रात्री चोळून फ्रिजमध्ये.

दोन_शिट्ट्या
चार तास ओटीजी? बिल कोण भरणार आणि मधेच लाइट गेली तर? कुकरात दाबामुळे पाणी १२० च्या जवळ जातं, मोठे मोठे तुकडे कर, पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक, ४५-५० मिनिटं, मग वाफ आपोआप जाऊ दे. मस्त होतं.

मंदआच
रश्शाला कुकर चालेल, नाही म्हणत नाही. पण तंतू सुटे करून पावात भरायचे असतील तर कुकरातलं पाणचट लागतं, वरची साल पण खरपूस होत नाही.

सासर_मडगावचं
व्हिंदालू करणार असशील तर ॲल्युमिनियमचा कुकर नको, व्हिनेगर त्याला खातं. स्टील घे. काश्मिरी मिरची, लसूण भरपूर, जिरं, मिरी, दालचिनी, लवंग व्हिनेगरात वाटून रात्रभर मुरव, पण फ्रिजमध्येच हं, आपल्याकडच्या मे महिन्यात ओट्यावर काही ठेवायचं नाही. शिजवलेलं पण दोन तासांच्या आत आत टाक. दुसऱ्या दिवशी वर चरबीचा पांढरा थर धरतो तो चमच्याने उचलून वेगळा ठेव, बटाटे त्यात परत. आणि गुलाबी-बिलाबी प्रकार आपल्याकडे नकोच, टेपवर्मची भीती असते, खांदा असा शिजला की तो प्रश्नच उरत नाही.

गच्चीवरची_शेगडी
चाप पण असेच केले तर?

मंदआच
नको, त्यात कोलॅजन नाहीच फारसं, तीन तासांत भुसा होईल. तव्यावर कर आणि काढ. खूर मिळाले तर मात्र दोन टाक खांद्याबरोबर, रस्सा ओठांना चिकटतो.

गच्चीवरची_शेगडी
ओके, मग ओटीजी. रविवारी दुपारी लावतो, आई भजनाला गेली की.