टॉमकॅट सुरू होतो, पण अ‍ॅप्लिकेशन उघडत नाही. तो कायम चालू ठेवण्याची योग्य पद्धत कोणती?

प्रश्न

लिनक्स असलेल्या, ४ जीबी मेमरीच्या एका सर्व्हरवर मी अपाची टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरची १०.१ ही आवृत्ती उतरवून घेतली आहे आणि ती एका फोल्डरमध्ये उलगडून ठेवली आहे. जावा १७ त्यावर आधीपासूनच आहे. स्टार्टअप स्क्रिप्ट चालवली की ८०८० पोर्टवर टॉमकॅटचे स्वागतपान व्यवस्थित दिसते. आमचे अ‍ॅप्लिकेशन स्प्रिंग फ्रेमवर्क ५ वर बेतलेले असून आतापर्यंत टॉमकॅट ८.५ वर विनातक्रार चालत होते. त्याची वॉर फाइल (सगळा कोड एकत्र बांधलेली फाइल) वेबअ‍ॅप्स फोल्डरमध्ये टाकल्यावर ती उलगडते, तिच्या नावाचे फोल्डरही तयार होते, पण ब्राउझरमध्ये ४०४ (पान सापडले नाही) याखेरीज काहीही येत नाही.

याशिवाय आणखी तीन शंका आहेत. मशीन पुन्हा सुरू झाले की टॉमकॅट आपोआप सुरू होत नाही, त्यासाठी काय करावे? पत्त्यात ८०८० लिहावे लागू नये आणि सर्व वाहतूक एचटीटीपीएसवरून व्हावी यासाठी टॉमकॅट रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून चालवणे योग्य ठरेल का? आणि जावाला किती मेमरी द्यावी? डेटाबेस पोस्टग्रेस्क्यूएल असून तो याच मशीनवर आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

४०४ चे कारण बहुधा तुमच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये नाही, तर तुम्ही निवडलेल्या आवृत्तीत आहे. जावा ईई हे तंत्रज्ञान ओरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेल्यावर त्याचे नाव जकार्ता ईई झाले, आणि २०२० मधील जकार्ता ईई ९ पासून सर्व्हलेटसकट (वेब विनंत्या हाताळणारा भाग) त्यातील सगळ्या पॅकेजांच्या नावांतील ‘जावाएक्स’ हा आरंभीचा शब्द जाऊन तेथे ‘जकार्ता’ आला. टॉमकॅट ९ जुनी नावे ओळखतो आणि टॉमकॅट १० पासून पुढे फक्त नवी. स्प्रिंग ५ जुन्या नावांवर आधारलेले असल्यामुळे, तुमच्या अ‍ॅप्लिकेशनची सुरुवात वेब.एक्सएमएल या मांडणीच्या फाइलऐवजी स्प्रिंगच्या इनिशिअलायझर वर्गातून होत असेल, तर टॉमकॅट १०.१ च्या दृष्टीने त्या वॉर फाइलमध्ये सुरू करण्यासारखे काहीच नसते. तो ती उलगडतो, लॉगमध्ये कोणतीही चूक नोंदवत नाही आणि प्रत्येक विनंतीला ४०४ देतो. वेब.एक्सएमएलमध्ये लिसनर (सुरुवातीलाच चालवला जाणारा वर्ग) नोंदवलेला असेल, तर मात्र वर्ग सापडला नसल्याची नोंद लॉगमध्ये मिळते.

ती नोंद कोठे पाहायची, हेही येथे सांगून ठेवतो, कारण अनेक जण केवळ कॅटालिना नावाचा लॉग उघडतात. तेथे ‘एक किंवा अधिक लिसनर सुरू झाले नाहीत’ अशा अर्थाची एक त्रोटक ओळ असते. अपवादाचा संपूर्ण तपशील त्याच फोल्डरमधील लोकलहोस्ट या नावाने सुरू होणाऱ्या, तारीख असलेल्या फाइलमध्ये जातो.

उपाय तीन आहेत. टॉमकॅट ९ वापरणे हा सर्वांत सोपा, आणि सध्या तुम्ही तोच करावा असे माझे मत आहे, ८.५ ची देखभाल ३१ मार्च २०२४ रोजी थांबली असल्यामुळे तेथे परत जाऊ नका. दुसरा उपाय असा, की वेबअ‍ॅप्स फोल्डरच्या शेजारी ‘वेबअ‍ॅप्स-जावाईई’ या नावाचे फोल्डर, इंग्रजी लहान लिपीत आणि मध्ये आडव्या रेघेसह, तयार करून वॉर फाइल त्यात ठेवावी, म्हणजे टॉमकॅट १०.१ तिच्यातील जुनी नावे स्वतःच बदलून घेतो. साध्या अ‍ॅप्लिकेशनला हे पुरते, परंतु पुष्कळ लायब्ररी असलेल्या अ‍ॅप्लिकेशनबाबत त्यावर विसंबून राहणे मला पटत नाही, कारण तपासलेली फाइल एक आणि प्रत्यक्ष चालणारी दुसरी, अशी स्थिती होते. तिसरा म्हणजे स्प्रिंग ६ वर जाणे. तो खरा उपाय, पण त्याला वेळ लागेल.

दुसरे उत्तर

रूटविषयी सरळ सांगतो: नको. फाइल अपलोड करण्याच्या सोयीतील एखाद्या उणिवेतून कोणी बाहेरचा कोड आत आणला, तर तो कोड टॉमकॅटच्याच अधिकाराने चालतो, आणि तो अधिकार रूटचा असेल तर संपूर्ण मशीन हातचे जाते. टॉमकॅटसाठी लॉगिन करू न शकणारा स्वतंत्र वापरकर्ता तयार करावा. मांडणीच्या फाइलींचे कॉन्फ फोल्डर त्याला फक्त वाचता यावे. लॉग, टेम्प आणि वर्क या फोल्डरांमध्ये मात्र त्याला लिहिता आले पाहिजे.

फोल्डरची मांडणी करतानाच कॅटालिना होम आणि कॅटालिना बेस वेगळे ठेवावेत. होममध्ये टॉमकॅटच्या मूळ फाइली राहतात, तर बेसमध्ये तुमचे कॉन्फ, वेबअ‍ॅप्स आणि लॉग. त्यामुळे सुरक्षा दुरुस्ती आली की नवे होम बाजूला उलगडून सर्व्हिसमधील एक ओळ बदलली आणि टॉमकॅट पुन्हा सुरू केला की काम होते, आणि काही बिघडल्यास जुने होम तसेच हाताशी असते.

आपोआप सुरू होण्यासाठी सिस्टिमडी या लिनक्समधील सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेची सर्व्हिस फाइल लिहावी. त्यात स्टार्टअप स्क्रिप्टऐवजी कॅटालिना स्क्रिप्ट ‘रन’ या शब्दासह द्यावी, म्हणजे प्रक्रिया पार्श्वभूमीत न जाता थेट सिस्टिमडीच्या नजरेखाली राहते. जावा थांबवल्यावर १४३ हा निर्गम क्रमांक देते (१२८ अधिक टर्म सिग्नलचा १५). तो यशस्वी समजावा असे सर्व्हिस फाइलमध्ये नमूद केले नाही, तर तुम्ही स्वतः टॉमकॅट थांबवला तरी सिस्टिमडी तो अयशस्वी ठरल्याची नोंद करते.

पुढे कधी डेबियनमधील तयार पॅकेज वापरलेत, तर तेथील सर्व्हिस फाइल मोजके फोल्डर सोडून बाकी फाइल व्यवस्था टॉमकॅटपुरती केवळ वाचण्याजोगी ठेवते, हे लक्षात असू द्या. तशा वेळी अपलोड फोल्डरच्या परवानग्या कितीही सैल केल्या तरी लिहिता येत नाही. त्या फोल्डरचा मार्ग सर्व्हिसमध्येच जोडावा लागतो.

पोर्ट आणि एचटीटीपीएस यांसाठी टॉमकॅटच्या पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवावा आणि टॉमकॅटचा कनेक्टर १२७.०.०.१ या, म्हणजे त्याच मशीनच्या, पत्त्यापुरता बांधावा, म्हणजे ८०८० बाहेरून उघडा राहत नाही. यात दोन गोष्टी हमखास राहून जातात. एन्जिनएक्सने होस्ट हेडर आणि मूळ प्रोटोकॉल सांगणारा हेडर पुढे पाठवला पाहिजे, आणि टॉमकॅटच्या सर्व्हर.एक्सएमएलमध्ये तो हेडर वाचणारा रिमोट आयपी व्हॉल्व्ह नोंदवलेला असला पाहिजे. तसे नसेल तर प्रत्येक विनंती साध्या एचटीटीपीवरूनच आली अशी अ‍ॅप्लिकेशनची समजूत होते, ते तिला एचटीटीपीएसकडे वळवते आणि ब्राउझर त्याच फेऱ्यात अडकून पडतो. तसेच एन्जिनएक्सची विनंतीच्या आकाराची मूळ मर्यादा १ एमबी असते. मोठी फाइल पाठवताना ४१३ (विनंती फार मोठी) आले, तर दोष टॉमकॅटला देऊ नका.

तिसरे उत्तर

वरील बहुतेक भागाशी सहमत आहे, परंतु एकाच अ‍ॅप्लिकेशनसाठी एन्जिनएक्स अनिवार्य आहे असे मला वाटत नाही. टॉमकॅट स्वतः टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसमागचे कूटलेखन, हाताळू शकतो, आणि १०२४ खालील पोर्ट वापरण्याची एवढीच क्षमता सिस्टिमडीमधून त्याच्या वापरकर्त्याला देता येते. त्यासाठी रूटची गरज पडत नाही. अर्थात पुढेमागे दुसरे अ‍ॅप्लिकेशन त्याच मशीनवर येणार असेल, तर एन्जिनएक्सच सोयीचा.

मेमरीबद्दल: ४ जीबीपैकी ३ जीबी हीपला (जावा आपले ऑब्जेक्ट ठेवते ती मेमरी) देण्याचा मोह टाळावा. हीपची कमाल मर्यादा ही जावा प्रक्रियेची मर्यादा नव्हे. मेटास्पेस (वर्गांची माहिती), थ्रेडचे स्टॅक आणि कचरा गोळा करण्याची यंत्रणा यांची मेमरी तिच्याबाहेर लागते, आणि तुमचा पोस्टग्रेस्क्यूएलही त्याच ४ जीबीमध्ये बसायचा आहे. मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल सर्वांत जड प्रक्रिया मारून टाकतो, आणि त्याची नोंद टॉमकॅटच्या लॉगमध्ये नसते. तो तर वाक्याच्या मध्यावर तुटलेला दिसतो. कर्नलच्या लॉगमध्ये मात्र ती मिळते. मर्यादा १ जीबी ठेवून सुरुवात करा, जीसीचा, म्हणजे कचरा गोळा करण्याचा, लॉग चालू ठेवा आणि पूर्ण सफाईनंतर किती हीप व्यापलेली राहते ते पाहून आकडा बदला. हे पर्याय बेसच्या बिन फोल्डरमधील सेटईएनव्ही स्क्रिप्टमध्ये लिहावेत. कॅटालिना स्क्रिप्टला हात लावू नये, कारण नवी आवृत्ती आली की तेथील बदल जातात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. टॉमकॅट ९ वर अ‍ॅप्लिकेशन लगेच सुरू झाले. एन्जिनएक्स पुढे ठेवला असून सर्व्हिसही लिहिली आहे. आता वेगळीच अडचण दिसते: अनेक वापरकर्ते एकदम आले की पाने अडून राहतात आणि एन्जिनएक्स ५०४ (उत्तर वेळेत आले नाही) देतो, मात्र प्रोसेसर जवळजवळ मोकळा असतो आणि टॉमकॅटच्या लॉगमध्ये एकही चूक नसते. मॅक्सथ्रेड्सची, म्हणजे विनंत्या हाताळणाऱ्या थ्रेडच्या संख्येची, मर्यादा २०० वरून वाढवावी का? डेटाबेसची जोडणी टॉमकॅटच्या कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमधील डेटासोर्समधून घेतली आहे.

पहिले उत्तर देणारे

थ्रेड वाढवू नका. प्रोसेसर मोकळा, लॉग स्वच्छ आणि पाने अडलेली, ही लक्षणे बहुतेक वेळा डेटाबेसच्या जोडण्यांची वाट पाहत थांबलेल्या थ्रेडची असतात. टॉमकॅटच्या मूळ पूलमध्ये (तयार ठेवलेल्या जोडण्यांचा साठा), कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये वेगळे काही लिहिले नसल्यास, एका वेळी कमाल ८ जोडण्या मिळतात आणि जोडणी मिळेपर्यंत थांबण्याच्या काळाला मर्यादाच नसते. म्हणजे नववा थ्रेड मुकाट्याने थांबून राहतो. चूक फेकली जात नाही, म्हणून ती नोंदलीही जात नाही. एन्जिनएक्स मात्र मूळ मर्यादेप्रमाणे ६० सेकंद वाट पाहून ५०४ देतो.

खात्री करण्यासाठी, पाने अडलेली असतानाच, जेस्टॅक ही जावाच्या जेडीके या विकाससंचाबरोबर येणारी, प्रत्येक थ्रेड कोठे थांबला आहे ते दाखवणारी आज्ञा टॉमकॅटच्याच वापरकर्त्याच्या नावाने चालवा आणि काही सेकंदांनी पुन्हा चालवा. दोन्ही वेळी बहुतेक थ्रेड पूलमधून जोडणी उसनी घेण्याच्या ओळीवरच थांबलेले दिसले, तर निदान पक्के झाले. मग थांबण्याची कमाल मर्यादा १० सेकंद ठेवा, म्हणजे निदान चूक लॉगमध्ये येईल, आणि पूल २० पर्यंत वाढवून पाहा. पोस्टग्रेस्क्यूएल मूळ मांडणीत एकूण १०० जोडण्या स्वीकारतो, त्यामुळे त्या बाजूने अडचण नाही.

पूल वाढवल्यावरही काही काळाने तोच प्रकार घडला, तर कोडमध्ये कोठेतरी घेतलेली जोडणी परत केली जात नाही असे समजावे. सोडून दिलेल्या जोडण्या परत घेण्याचा आणि त्यांची नोंद करण्याचा, असे दोन पर्याय पूलमध्ये आहेत. ते दोन्ही चालू केल्यावर जोडणी ज्या ओळीत घेतली गेली तिचा माग लॉगमध्ये छापला जातो. त्यात तुमच्या स्वतःच्या पॅकेजमधील जो पहिला वर्ग दिसेल, तो उघडून त्यातील अपवाद हाताळण्याचा भाग तपासा.